जुन्या रेकॉर्डिंगमधला गिटारचा टोन कसा जुळवायचा: इक्यू आणि आयआरचं काम पायरी-पायरीनं

गेल्या वर्षी गणपतीला महिना उरला असताना माझा मावसभाऊ एक हार्ड डिस्क घेऊन रामबागेत आमच्या घरी आला. त्यांच्या ग्रुपनं २०१९ मध्ये एक अभंग रेकॉर्ड केला होता. पखवाज, टाळ, पेटी आणि त्यावर एक खरखरीत इलेक्ट्रिक गिटार. आता त्यात एक चरण वाढवायचं होतं. पण स्टुडिओकडचा मूळ प्रोजेक्ट गेलेला. गिटार ज्या ट्यूब अ‍ॅम्पवर वाजवली तो कुणाकडून तरी मागून आणलेला आणि केव्हाच विकला गेलेला. हाती उरला होता तो फक्त शेवटचा स्टीरिओ मिक्स. "दादा, नवं चरण सुरू झालं की गिटार बदलली असं कुणालाही वाटता कामा नये," एवढीच त्याची अट होती.

ते जमलं. तीन रात्री लागल्या आणि त्यातली पहिली अख्खी वाया गेली. ती का वाया गेली ते सांगत सांगतच सगळी पद्धत लिहितो, म्हणजे तुमची वाचेल. मी रीपरवर काम करतो, पण कुठलंही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर चालेल. ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारी पेटी), बरे हेडफोन, एक अ‍ॅम्प सिम्युलेटर (सॉफ्टवेअरमधला अ‍ॅम्प), एक आयआर लोडर (आयआर म्हणजे काय ते खाली येतंच), मॅच करणारा इक्यू (फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करून एक आवाज दुसऱ्याशी जुळवणारा) आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कुठली फ्रीक्वेन्सी किती आहे ते, दाखवणारं प्लगइन एवढं सामान लागतं. अ‍ॅम्पसाठी न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर, आयआरसाठी नॅडआयआर आणि स्पेक्ट्रमसाठी व्हॉक्सेन्गोचा स्पॅन ही तिन्ही फुकट मिळतात. मॅच करणारा इक्यू लॉजिकमध्ये आतच असतो. इतरांसाठी फॅबफिल्टर प्रो-क्यू किंवा व्हॉक्सेन्गो कर्व्हइक्यू आहे.

आधी जवारी, मग ट्रेबल

आमच्या घरात तंबोरा आहे. जवारी उतरली की आजोबा घोडीवरचं सूत केसभर इकडे-तिकडे सरकवत बसायचे आणि एका क्षणी तार बोलायला लागायची. ती जवारी मिक्सरवर ट्रेबल वाढवून येत नाही. तार घोडीला कशी घासते यातून ते स्वर जन्मतात. मुळात जे जन्मलंच नाही ते ट्रेबलचं बटण वाढवणार कुठून?

गिटारच्या डिस्टॉर्शनचं, म्हणजे त्या खरखरीचं, अगदी तसंच आहे. अ‍ॅम्प तापवला की त्यात नवे स्वरांश तयार होतात, आणि ते किती तयार होणार हे तुम्ही तार किती जोरात छेडता यावर ठरतं. इक्यू आणि आयआर यांना हे जमत नाही. हळू आवाज असो की मोठा, ती दोघं प्रत्येक फ्रीक्वेन्सीला ठरलेल्या प्रमाणातच कमी-जास्त करतात.

आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, समजायला देवळाचा गाभारा आठवा. आत एक टाळी वाजवली की जो घुमारा परत येतो त्यात त्या गाभाऱ्याचा सगळा स्वभाव असतो. स्पीकरची पेटी आणि तिच्यासमोर धरलेला माइक यांचा असाच स्वभाव काही मिलिसेकंदांच्या एका छोट्या वेव्ह फाइलमध्ये धरून ठेवलेला असतो. मोजताना मात्र टाळीऐवजी खालच्या सुरापासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर स्पीकरमधून सोडतात. इटलीच्या अँजेलो फारिना यांनी २००० साली मांडलेली ही रीत आज सगळीकडे चालते, कारण स्पीकरनं स्वतःहून केलेलं डिस्टॉर्शन तिच्यात वेगळं काढता येतं आणि हाती स्वच्छ आयआर उरतो.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला आहे: हात आणि गिटार, मग गेन (अ‍ॅम्प किती तापवायचा ते), मग कॅबचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा, आयआर, आणि सगळ्यात शेवटी मॅच इक्यू. पहिल्या रात्री मी थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली होती.

नमुन्याचा तुकडा निवडणं

या कामाचं निम्मं यश इथे आहे. पाच-दहा सेकंदांचा असा तुकडा शोधा ज्यात गिटार एकटी आहे. सुरुवातीची धून, दोन ओळींमधली मोकळी जागा, अगदी शेवटचा लांबवलेला कॉर्डही चालेल. फाइल मूळ वेव्ह असावी. फोनवर फिरत आलेली कॉपी नको.

मी काय केलं? अभंगात दोन गिटार होत्या, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. आवाज आणि पखवाज मधोमध. अशा मिक्समध्ये उजव्या चॅनलची पोलॅरिटी उलटी करून (म्हणजे लाटेचे चढ-उतार उलटे करून) दोन्ही चॅनल मोनोत मिसळले की मधलं सगळं एकमेकांना खोडतं आणि कडेचं उरतं. युक्ती खरी आहे आणि पुष्कळदा कामाला येते. पण आमच्या मिक्समध्ये टाळही कडेलाच पसरवलेले होते. ध्रुवपदाचा तुकडा घेऊन मी मॅच इक्यूला दिला. त्यानं इमानदारीनं टाळांची किणकिण गिटारच्या खात्यात जमा केली. कर्व्ह पाच किलोहर्ट्झपासून चढत गेला आणि आठ किलोहर्ट्झला ११ डेसिबलवर पोचला. वाजवून पाहिलं तर गुळावर माश्या घोंगावाव्यात तसा आवाज. रात्री दोनपर्यंत मी आयआर बदलत बसलो आणि दोष होता नमुन्यात.

दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकलं तेव्हा सुरुवातीलाच, टाळ सुरू व्हायच्या आधी, सहा सेकंद एकटी गिटार सापडली. पुढचं सगळं काम त्या सहा सेकंदांवर झालं. असा तुकडा अजिबातच नसेल तर डेमक्ससारख्या सॉफ्टवेअरनं गिटार वेगळी काढता येते, त्याचं सहा भागांचं मॉडेल गिटारचा ट्रॅक स्वतंत्र देतं. मात्र वरच्या फ्रीक्वेन्सीत त्यात पाण्याखालून आल्यासारखी खळखळ राहते. अशा ट्रॅकवर चार-पाच किलोहर्ट्झच्या वर विश्वास ठेवू नका, तिथे कान वापरा.

तेच वाजवा, तसंच वाजवा

मॅच इक्यू दोन आवाजांच्या सरासरी स्पेक्ट्रमची तुलना करतो. तुम्ही कुठले स्वर वाजवले हे त्याला कळत नाही. नमुन्यात ए कॉर्ड असेल आणि तुम्ही ई वाजवलात, तर ११०, २२०, ३३० हर्ट्झवर फणीच्या दातांसारखे उंचवटे येतील. ते टोनचे नसून स्वरांचे असतात. म्हणून तीच धून, त्याच लयीत, त्याच तारांवर वाजवा.

त्याच तारांवर का, हे मला स्पॅननं दाखवलं. गायकाचा सूर काळी दोन. मी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये तो सूर पाचव्या तारेवर सहाव्या पडद्यापाशी पकडून वाजवत होतो. स्वर बरोबर, पण आवाज गच्च आणि बुजका. मग खालचे स्वर सुटे दिसावेत म्हणून स्पॅनचा ब्लॉक साइज मोठा करून नमुन्याचा स्पेक्ट्रम पाहिला तर सगळ्यात खालचा उंचवटा ७८ हर्ट्झच्या आसपास. गिटारची मोकळी जाडी तार ८२.४ हर्ट्झची. तिच्याखाली ती जाऊच शकत नाही. म्हणजे त्या दिवशी वाजवणाऱ्यानं सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या होत्या आणि काळी दोन मोकळ्या तारेवर घेतली होती. मीही उतरवल्या. अर्धा फरक तिथेच मिटला, प्लगइनला हात न लावता.

रेकॉर्डिंग करताना गिटार थेट इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला जोडा, लाइन इनपुटला नको. पिकअपला (तारांचा कंप पकडणाऱ्या गिटारवरच्या चुंबकाला) साधारण एक मेगाओहमचा इनपुट लागतो. त्याहून पुष्कळ कमी मिळाला तर वरचे स्वर तिथेच मरतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सगळ्यात जोरदार फटका उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. अ‍ॅम्पचा आवाज मिसळायचा नाही, कोरीच गिटार नोंदवा. ती एकदा नीट नोंदवली की पुढे शंभर वेळा वेगवेगळ्या अ‍ॅम्पमधून काढता येते.

सिंगल कॉइल पिकअप असतील तर विजेची गुणगुण येते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, आणि तिचे पट १००, १५० वर. १०० हर्ट्झ खालच्या जी स्वराला इतका चिकटून असतो की मॅच इक्यू फसतो. गिटार हातात धरून खुर्चीतच हळूहळू फिरा. एका कोनात गुणगुण एकदम बसते. तिथे खुर्ची थांबवा. माझ्या खोलीत तो कोन नेमका कपाटाकडे तोंड करून येतो. केबल खरखरत असेल तर आधी तीच बदला.

गेन: इथे घाई करू नका

आता कोरा ट्रॅक अ‍ॅम्प सिम्युलेटरमधून काढा आणि गेन नमुन्याला जुळवा. अडचण अशी की कॅबचा फरक इतका ठळक असतो की गेन ऐकूच येत नाही. त्यावर मला उपयोगी पडलेला उपाय: नमुना आणि तुमचा ट्रॅक, दोन्हींवर सारखाच फिल्टर लावा, ४०० हर्ट्झच्या खालचं आणि २ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापणारा. दोन्ही आवाज जुन्या टेलिफोनसारखे होतील, पण आता कॅबची चकाकी बाजूला पडते आणि खरखरीचा पोत समोर येतो. कॉर्ड सोडल्यावर तो किती वेळ भरलेला राहतो आणि कुठे स्वच्छ व्हायला लागतो ते ऐका. तोच क्षण जुळवायचा.

बहुतेक वेळा तुम्हाला गेन कमी करावा लागेल. दोन गिटार एकावर एक असल्या की डिस्टॉर्शन आहे त्याहून दाट वाटतं. आमच्या अभंगात मी सातवर ठेवलेला गेन साडेचारवर आला.

दुसरी गोष्ट खालच्या तारांची. तळहातानं दाबून मारलेले फटके नमुन्यात सुटे-सुटे आणि तुमच्याकडे लापशीसारखे गिचमिड होत असतील, तर मूळ रेकॉर्डिंगमध्ये अ‍ॅम्पच्या आधीच बास कापलेला होता. ट्यूब स्क्रीमरसारखा पेडल हेच करतो. ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर तो उतरत्या प्रमाणात डिस्टॉर्शनपर्यंत पोचू देतो. म्हणून तसा पेडल, किंवा नुसता बास कापणारा इक्यू, अ‍ॅम्पच्या अगोदर लावा. अ‍ॅम्पच्या नंतर कितीही बास कापलात तरी ते गिचमिड सुटत नाही, फक्त पातळ होतं.

कॅबचा आयआर

सगळ्यात आधी अ‍ॅम्प सिम्युलेटरमधला स्वतःचा कॅब बंद करा. मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न "माझा टोन घोंगडीखालून का येतो" हा असतो, आणि दहापैकी बऱ्याच वेळा दोन कॅब एकामागे एक चालू असतात.

गिटारचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झनंतर झपाट्यानं खाली येतो. कॅबशिवाय डिस्टॉर्शन ऐकलंत तर ते करवतीसारखं का लागतं त्याचं कारण हेच. आता कुठला आयआर? शेकडो फाइली डाउनलोड करून बसू नका, कान थकतात आणि शेवटी जो मोठा वाजतो तोच आवडतो. आधी स्पीकरची जात ठरवा. सेलेस्टियन ग्रीनबॅक मऊ आणि थोडा खरखरीत, व्हिंटेज ३० वरच्या मध्यभागात पुढे सरसावणारा. दोन्हींचे आयआर सेलेस्टियन स्वतःच विकते. मग त्याच स्पीकरच्या तीन-चार फाइली घ्या, ज्यात माइकची जागा वेगवेगळी आहे. शंकूच्या मधोमध असलेल्या टोपीसमोर माइक असेल तर आवाज तिखट, टोपीच्या कडेला समतोल, बाहेर शंकूकडे सरकवला की गडद. माइकही बोलतो. शुअर एसएम५७ सहा किलोहर्ट्झच्या आसपास उठाव देतो, रिबन माइक वरचं गोल करतो.

सगळ्या आयआरचा आवाज आधी एकसारखा करा. मग स्पॅन उघडा. त्याचा उतार मुळातच अष्टकाला ४.५ डेसिबल ठेवलेला असतो, तो तसाच राहू द्या, आणि सरासरीचा काळ वाढवा. नमुना वाजवून कर्व्ह थांबवून ठेवा, त्यावर तुमचा ट्रॅक वाजवा. पाहायच्या गोष्टी दोनच: वरचा कडा कुठून कोसळतो, आणि दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये अरुंद, खोल खड्डे कुठे आहेत. हे खड्डे म्हणजे त्या स्पीकरचा आणि माइकच्या जागेचा अंगठ्याचा ठसा. इक्यूनं ते भरायला किंवा खणायला जाऊ नका. ज्या आयआरचे खड्डे नमुन्याच्या जवळपास पडतात तो घ्या. आमच्या अभंगाला ग्रीनबॅकचा, टोपीच्या कडेचा एसएम५७ बसला.

दोन आयआर मिसळायचा मोह होतो. मिसळा, पण सावध. एका माइकपेक्षा दुसरा १० सेंटीमीटर मागे असेल तर त्याचा आवाज जवळजवळ ०.२९ मिलिसेकंद उशिरा येतो आणि १,७०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकांना खातात. नेमका तिथेच गिटारचा चेहरा असतो. लोडरमधली डिले सरकवून दोन्ही फाइलींची सुरुवात जुळवा.

मॅच इक्यू, पण बेतानं

आता मॅच इक्यू कॅबच्या नंतर आणि रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) आधी लावा. त्याला नमुन्याची सहा सेकंदं ऐकवा, मग तुमची तीच सहा सेकंदं. दोन्हींचा आवाज सारखा हवा. कर्व्ह आला की लगेच स्मूदिंग वाढवा, फणीचे दात जाऊन डोंगराच्या रांगेसारख्या सौम्य रेषा दिसेपर्यंत. काम ८० हर्ट्झ ते सहा-सात किलोहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात ठेवा. त्याच्या खाली मिक्समधल्या इतर वाद्यांची छाया असते आणि वर टाळ, हवा, फाइल दाबताना झालेलं नुकसान.

मात्रा पूर्ण १०० टक्के ठेवू नका. मी ६० वर सुरू करतो आणि डोळे मिटून वाढवतो. माझा स्वतःचा एक नियम आहे: कुठेही सहा डेसिबलपेक्षा जास्त चढ किंवा उतार दिसला की इक्यू बंद करून मागे जायचं. आयआर चुकला असेल, गेन चुकला असेल किंवा पिकअप. दुसऱ्या रात्री मला ३०० हर्ट्झला आठ डेसिबलचा उतार दिसला. गिटारवर नेकचा पिकअप चालू राहिला होता. ब्रिजवर आणल्यावर तो उतार दोन डेसिबलवर आला.

मोड मात्र मिनिमम फेज किंवा झिरो लेटन्सी (आवाजाला उशीर न लावणारा) असा ठेवा. लिनियर फेजमध्ये फटक्याच्या आधीच एक बारीक गुंजन येतं आणि तारेवरचा ठोका बोथट होतो. पुढच्या पायरीलाही ते आड येतं.

सगळं एका आयआरमध्ये बांधणं

कॅबचा आयआर आणि मॅच इक्यू मिळून एकच नवी आयआर फाइल करता येते, आणि ती पेडलबोर्डवर टाकून मंडपातही नेता येते. मला या सगळ्यात हा भाग सर्वात सुंदर वाटतो.

ऑडॅसिटीत ४८ किलोहर्ट्झची, मोनो, एक सेकंदाची शांत फाइल बनवा. सुरुवातीला इतकं झूम करा की एकेक सॅम्पल ठिपक्यासारखं दिसेल. ड्रॉ टूलनं एकच ठिपका जवळजवळ वरपर्यंत ओढा. ही तुमची टाळी. ती रीपरमध्ये आणून फक्त कॅब लोडर आणि मॅच इक्यूमधून काढा. अ‍ॅम्प, कंप्रेसर, लिमिटर, रिव्हर्ब, सगळं बंद. लोडर पूर्ण वेट, म्हणजे कोरा आवाज अजिबात न मिसळता. ३२ बिट फ्लोटमध्ये रेंडर करा, म्हणजे वर गेलं तरी कापलं जाणार नाही. बाहेर जे येईल तोच तुमचा आयआर.

सुरुवातीची शांतता कापा, पण पहिल्या हालचालीला धक्का लावू नका. शेवट किती ठेवायचा ते उपकरणावर आहे. बरीच उपकरणं १०२४ किंवा २०४८ सॅम्पल घेतात. ४८ किलोहर्ट्झला २०४८ म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंद आणि बारकावा सुमारे २३ हर्ट्झचा. १०२४ वर तो ४७ हर्ट्झचा होतो, म्हणून खालच्या तारा किंचित सैल वाटतात. संगणकावरच वापरणार असाल तर ८१९२ ठेवा. शेवटच्या टोकाला छोटा फेडआउट द्या.

आता ताळा. एका ट्रॅकवर जुनी साखळी, दुसऱ्यावर नुसता नवा आयआर, दोन्हींना तोच अ‍ॅम्प. आवाज जुळवा आणि एकाची पोलॅरिटी उलटी करा. बांधणी बरोबर असेल तर जवळजवळ शांतता मिळते. कुजबुज ऐकू आली तर कुठेतरी लेटन्सी किंवा कापाकापी चुकली आहे.

मिक्समध्ये बसवणं

एकट्यानं ऐकून टोन ठरवू नका. नमुना मिक्समधून, मास्टरिंगमधून गेलेला आहे, त्यामुळे जुळलेला टोन एकटा ऐकताना थोडा किडकिडा वाटणारच. पखवाज आणि टाळ चालू करून ऐका. नव्या चरणाच्या दोन्ही गिटार मी वेगवेगळ्या वाजवून नोंदवल्या, एकच ट्रॅक दोनदा ठेवला नाही. मग मूळच्या रिव्हर्बची लांबी जुळवली, शेवटचा कॉर्ड किती वेळ विरत जातो ते मोजून. जोड जिथे येतो तिथे नवी गिटार अर्धा डेसिबल खाली ठेवली.

मग मावसभावाला बोलावलं. त्याला पाठमोरं बसवलं आणि अभंग लावला, जोड कुठे ते न सांगता. जोड आला, गेला, पुढचं चरण अर्धं झालं. मग तो वळून म्हणाला, "दादा, सुरू कर ना, नवं चरण कुठाय?"

फाइलचं नाव मी असं ठेवलंय: अभंग, ग्रीनबॅक कडा, ब्रिज पिकअप, अर्धा सूर उतरलेला, गेन साडेचार. पुढच्या वर्षी अजून एक चरण वाढवायचं ठरलंय, आणि तीच चिठ्ठी लिहून गिटारच्या केसमध्येही ठेवली आहे.